कागदावरची शिवण

मशीनवरची माझी पहिली शिवण कापडावर पडली नाही, कागदावर पडली. लग्नाआधी मी नंदुरबारला शिवणक्लासला जायचे. पहिले आठ दिवस बाईंनी आम्हाला दोरा ओवूच दिला नाही. वहीचा रेघी कागद सुईखाली धरायचा, पाय मारायचा आणि सुईची भोकं रेघेवरच पाडायची. सरळ रेघ जमली की चौकोन, मग नागमोडी, मग गोल. तो कागद फक्त हात बसावा म्हणून होता. हात बसला, कागद गेला. त्यानंतर सत्तावीस वर्षं मी कोरीटला ब्लाउज, परकर, पोरांची झबली शिवते आहे, आणि उन्हाळा लागला की गोधड्या. कागद कापायला घेतला असेल, सुईखाली पुन्हा कधी घेतला नव्हता.

मागच्या वर्षी अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माझी भाची आली. ती सुरतेला उधन्यात राहते. आमच्या खानदेशातली कितीतरी घरं पोटापाण्यासाठी तिकडे गेली, त्यातलंच तिचं एक. पडदे-चादरी शिवणाऱ्या एका कारखान्यात ती नमुने तयार करते. येताना तिने उशीचा एक अभ्रा आणला होता. त्यावर आठ टोकांची चांदणी होती. मी चष्मा लावून पाहिलं. आठही टोकं सुईसारखी आणि बरोबर मधोमध एका बिंदूत मिळालेली. तुकड्यांचं काम मी आयुष्यभर केलंय, त्यामुळे हे किती अवघड आहे ते मला ठाऊक होतं. तिरकं कापड ओढलं जातं, एक टोक शिवणीत गिळलं जातं, दुसरं अर्धा सूत सरकतं. आठ टोकं एका जागी आणायची म्हणजे हात देवाचाच पाहिजे, असं मी म्हणाले.

ती म्हणाली, "मावशी, हात नाही, कागद. हे कागदावर शिवलंय."

पिशवीतून तिने एक छापील कागद काढला. त्यावर सरळ रेघांनी पाडलेले भाग होते आणि प्रत्येक भागात आकडा होता, १, २, ३ असा. त्या दुपारी तिने एक चौकट शिवून दाखवली. मी शेजारी बसून पाहिलं, मान डोलावली. ती उठल्यावर मी मशीनवर बसले आणि पहिलाच तुकडा उलटा शिवला.

त्याचं कारण असं. रेघा कागदाच्या वरच्या अंगाला असतात आणि कापड खालच्या अंगाला. आपण शिवतो रेघेवर, पण कापड आपल्याला दिसत नाही. १ नंबरचा तुकडा कागदाच्या पाठीवर ठेवायचा, त्याची सुलटी बाजू बाहेर. त्यावर २ नंबरचा तुकडा सुलट्यावर सुलट. मग सगळं पालथं करून १ आणि २ च्या मधल्या रेघेवर शिवण मारायची. सुरुवातीला आणि शेवटी रेघेच्या पुढे दोन टाके जास्त. आता दोरा तोडून २ नंबरचा तुकडा उघडायचा आणि इस्त्री फिरवायची, म्हणजे तो आपल्या जागेवर जाऊन पडतो. मग पुढच्या रेघेवर कागद दुमडून मागे घ्यायचा, बाहेर आलेलं कापड पाव इंच ठेवून कापायचं, आणि ३ नंबर लावायचा. असं एकेक करत चौकट भरते.

ऐकायला सोपं आहे. माझं अडत होतं ते दुसऱ्याच जागी. गोधडीला मी तुकडा ठेवते तो वरून, डोळ्यांदेखत. लहान पडला तर शेजारी दुसरा लावते. कडा वाकडी असली तर बोटाने आत मुडपते आणि धावदोरा घालते. गोधडीत चूक झाली की ती जागच्या जागी सुधारता येते. इथे तुकडा उघडल्यावरच कळायचं की तो पुरला नाही. त्रिकोणी भाग असला की हमखास. बंद असताना तुकडा रेघेच्या बाहेर चांगला बोटभर दिसायचा, आणि उघडला की एक कोपरा उघडा पडायचा. मग उसवणं आलं. बारीक टाका उसवताना कागद फाटायचा, आणि कागद फाटला की रेघ गेली.

पहिल्या पंधरा दिवसांत मी शिवलं त्यापेक्षा उसवलं जास्त. भाची सुरतेला परत गेली होती. रात्री जेवणं उरकल्यावर मी तिला फोन लावायची, मशीनवर फोन उभा करून तिला काम दाखवायची. एकदा ती म्हणाली, "मावशी, शिवण्याआधी त्या रेघेवर टाचण्या लावून तुकडा उघडून बघ. पुरला तरच शिव." एवढी साधी गोष्ट, पण तिच्यामुळे माझं अर्धं उसवणं थांबलं.

टाक्याचंही तसंच. ब्लाउजला मी इंचाला दहा-बारा टाके ठेवते. तोच टाका कागदावर घातला तर कागद नीट फाटत नाही, आणि ओढून फाडावा तर शिवण ढिली होते. भाचीच्या नव्या मशीनवर दीड मिलिमीटर असा आकडाच असतो. माझं पायमशीन काळं, जुनं, त्याच्या पट्टीवरचे आकडे कधीच पुसले गेलेत. मग मला क्लासातला कागद आठवला. वहीचं एक पान घेतलं, दोरा काढला, एक इंच मशीन चालवली आणि भोकं मोजली. अकरा. खिटी जराशी वर सरकवली, पुन्हा एक इंच. चौदा. पुन्हा. सतरा. सोळा ते अठरा भोकं पडली की टाका बरोबर. मग त्या जागी पट्टीवर मी नेलपॉलिशचा ठिपका दिला. तो अजून आहे. सुई १४ नंबरची लावली. तिने भोक जरा मोठं पडतं आणि कागद रेघेवर पोस्टाच्या तिकिटासारखा सुटतो. ती सुई मी वेगळी ठेवते, कारण कागदाने धार जाते आणि मग तीच सुई तलम कापडाला धागे ओढते.

एक धडा झेरॉक्सनेही दिला. मी दहा प्रती काढून आणल्या, चार चौकटी शिवल्या, जोडायला घेतल्या तर जुळेनात. भाचीच्या मूळ कागदावरची चौकट आठ इंचांची, माझी भरली पावणेआठ. प्रत काढताना मशीनने चित्र पानात बसवायला बारीक केलं होतं, आणि शंभर टक्के मापाने काढा हे मी सांगितलं नव्हतं. आता कागदाच्या कोपऱ्यात मी एक इंचाचा चौकोन काढून ठेवते. प्रत हातात आली की तिथेच टेप लावून बघते. सगळ्या प्रती एकाच दिवशी, एकाच मशीनवर काढते. कागदही बदलला. पावती पुस्तकात दुसऱ्या प्रतीला जो पातळ कागद असतो, तो सगळ्यांत छान फाटतो. त्यावर मी पेन्सिलीनेच रेघा काढते, म्हणजे इस्त्रीच्या उष्णतेने शाई कापडाला लागायची भीती नाही.

कापडाचा प्रश्न वेगळाच निघाला. भाचीने सुरतेहून कतरणीची मोठी थैली पाठवली होती. रंग असे की डोळे निवावेत. पण सगळं कापड कृत्रिम धाग्याचं. इस्त्री लागली की आकसायचं, थंड इस्त्री लावली तर घडीच बसायची नाही, उघडलेला तुकडा पुन्हा उठून उभा राहायचा. या कामाला सुती कापडच पाहिजे. नखाने घडी मोडली तरी बसते. आमच्या भागात कपाशी पिकते, पण घराघरात अंगावर सुती कापड आता कमी झालंय. मी पेट्या उघडल्या. जुनी पातळं, शर्टिंगच्या कतरणी, एक धोतर, आणि सासूबाईंचं एक लाल लुगडं. धुऊन धुऊन ते इतकं विरलं होतं की गोधडीला वरून लावलं असतं तर वर्षभरात फाटलं असतं. पण कागदावर तेच कापड ताठ उभं राहिलं. विरलेलं असो, तिरकं कापलेलं असो, कागद त्याला ओढू देत नाही. त्या दिवशी मला या विद्येचा खरा उपयोग कळला. त्या चांदणीची टोकं कागदाने आधी धरून ठेवली होती, हाताने फक्त रेघ पाळली होती.

ते लाल कापड हातात आल्यावर मला मिरची काढावीशी वाटली. नंदुरबारची ओळखच मिरची. हंगामात शहराबाहेर मिरचीच्या पथाऱ्या पसरतात, तेव्हा रस्त्याने जाताना लांबूनच लाल दिसतं आणि जवळ गेलं की शिंका सुरू होतात. ताजी मिरची पसरली की उजळ लाल असते. उन्हात वाळत गेली की गडद होते, शेवटी मरून रंगावर येते. एकाच पथारीवर तीन-चार लाल रंग असतात. माझ्याकडेही लाल तीन होते: लुगड्याचा, एका ब्लाउजपीसचा आणि जुन्या पडद्याचा.

भाचीकडे मिरचीचा नमुना नव्हता. म्हणाली, "तूच काढ." मी चौकटीच्या वहीत आठ इंचांचा चौकोन काढला आणि आत मिरची काढली. छान बाकदार आली, पण शिवता येईना. या कामात रेघ सरळच लागते, बाक चालत नाही. मग मी बाकाचे तीन कोन केले. तरी अडलं. प्रत्येक नवी शिवण आधीच्या तुकड्यांची अख्खी कड झाकून गेली पाहिजे. मिरचीच्या देठाशी तीन रेघा एका कोपऱ्यात येत होत्या, तिथे कोणत्याही क्रमाने शिवलं तरी एक तुकडा मध्येच अडकायचा. चार रात्री मी आकडे घातले आणि खोडले. शेवटी चित्राचे दोन भाग केले. 'अ' मध्ये देठ, हिरवी टोपी आणि मिरचीचं वरचं अंग, सात तुकडे. 'आ' मध्ये खालचं अंग आणि टोक, सहा तुकडे. दोन्ही भाग वेगवेगळ्या कागदांवर शिवायचे आणि शेवटी एकमेकांना जोडायचे. जोडाच्या जागीच मिरची वळते. तो बाक जोडातून आला, एकही रेघ वाकडी न काढता.

पहिली मिरची शिवून सुलटी केली तेव्हा तिचा देठ डावीकडे होता. मी काढला होता उजवीकडे. कागदावर दिसतं त्याच्या उलटं कापडावर उतरतं, आरशातल्यासारखं. भाचीने हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, पण सांगितलेलं आणि हाताने अनुभवलेलं यात फरक असतो. मी ती मिरची उसवली नाही. कागद खिडकीच्या काचेवर पालथा धरून त्याच रेघा मागून गिरवल्या, म्हणजे उजव्या वळणाचा कागदही तयार झाला. मग दहा मिरच्या केल्या, पाच डाव्या, पाच उजव्या.

सासूबाईंना आम्ही सगळे माय म्हणतो. वय ऐंशीच्या पुढे, दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं. गावातल्या निम्म्या घरांत मायच्या हातच्या गोधड्या आहेत. सुरुवातीला त्या ओसरीवरून माझ्याकडे बघत होत्या. एकदा मला विचारलं, "कागद शिवी ऱ्हायनी का व?" मी कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी बोट फिरवलं, कापलेल्या चिंध्यांचा ढीग बघितला आणि गप्प बसल्या. मला कळलं त्यांना काय खटकलं ते. या कामात कापड वाया जातं. तुकडा हवा त्यापेक्षा मोठा घ्यावा लागतो आणि मग पाव इंच ठेवून बाकीचा कापावा लागतो. मायच्या गोधडीत करंगळीएवढा तुकडाही जागा शोधतो. संध्याकाळी त्या म्हणाल्या, "चिंधीबी वाया जावाले नको." आणि दुसऱ्या दिवसापासून मशीनखाली एक टोपलं आलं.

मग त्या कामातही आल्या. चौकटी एकमेकींना जोडल्यावरच कागद काढायचा असतो, आधी काढला तर तिरक्या कडा ओढल्या जातात. जोडल्यानंतर कागद काढणं हे फार चिकाटीचं काम आहे. मोठे तुकडे सहज निघतात, पण शिवणीच्या कोपऱ्यात कागदाचे कण राहतात. मला ते चष्म्यातूनही दिसत नसत. माय डोळ्यांनी शोधतच नसत. एका हाताच्या बोटांनी शिवण चाचपायची, खरखर लागली की तिथे सुईचं टोक घालायचं आणि कण बाहेर. दुपारभर त्या ओसरीवर बसत. मांडीवर मिरच्या पसरलेल्या आणि पुढ्यात कागदाचा बारीक भुगा. एकदा दोन टोकांवर बोट ठेवून म्हणाल्या, "आठे टोक शे. आठे नही." म्हणजे इथे टोक आहे, इथे नाही. मी बघितलं. दुसऱ्या मिरचीचं टोक शिवणीत सूतभर गेलं होतं. माझ्या नजरेतून सुटलेलं त्यांच्या बोटाने धरलं. ती चौकट मी पुन्हा शिवली.

दिवाळीत भाची आली तेव्हा बरोबर तुकड्यांच्या कामाचं एक पुस्तक घेऊन आली. इंग्रजीत होतं, ती वाचून सांगायची. इंग्लंडमध्ये १७१८ सालचं रेशमी तुकड्यांचं एक पांघरूण जपून ठेवलंय. त्यातही कागद वापरलाय, पण रीत वेगळी. प्रत्येक तुकड्याला त्याचा स्वतःचा कागद, त्यावर रेशीम दुमडून मग तुकडे हाताने जोडायचे. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात बायका मधोमध एक चौकोन ठेवून भोवती पट्ट्या शिवत जात, ओंडक्यांचं घर रचावं तसं. तो मधला चौकोन पुष्कळदा लाल असे, घरातल्या चुलीचा म्हणून, असं सांगतात. आणि त्या पट्ट्या त्या बायका बऱ्याचदा जुन्या कापडाच्या तळावर शिवत. तो तळ फाडून काढायचा नसे, तो आतच राही.

हे ऐकलं आणि मायने मान वर केली. आमच्या घरच्या गोधडीचा तळ म्हणजे जुनं पातळ. ते जमिनीवर ताणून चार कोपऱ्यांवर दगड ठेवायचे आणि वर तुकडे मांडायचे. फरक एवढाच की गोधडी आम्ही कडेपासून आत शिवत येतो आणि त्या बायका मधून बाहेर जात.

मग दुपट्याच्या उरलेल्या दहा चौकटी मी धोतराच्या कापडावर करून पाहिल्या. मध्ये मरून चौकोन आणि भोवती पट्ट्या. रेघा कार्बन पेपर आणि ट्रेसिंग व्हीलने उतरवल्या, ब्लाउजच्या टक्सच्या खुणा उतरवतो तशा. कागद फाडायची कटकट गेली, आणि पट्ट्या सरळ असल्याने कापडही फारसं वाया गेलं नाही. पण पाठीवर एक थर वाढला. पुढे हातशिवणीत ते बोटांना जाणवलं. जोडावर सुई जोर लावल्याशिवाय जात नव्हती. मी दोन्ही करून पाहिलं म्हणून सांगते: बारीक टोकांचं काम असेल तर कागद घ्यावा, पट्ट्यांचं सरळ काम असेल तर जुनं सुती कापड. मिरच्या मी कापडावर केल्या नसत्या.

दहा मिरच्या आणि दहा चौकोन, चार ओळी आडव्या, पाच उभ्या. भोवती दोन इंचांची किनार. छत्तीस बाय चव्वेचाळीस इंचांचं दुपटं झालं. खाली मांजरपाट, मध्ये जुन्या पातळाचे दोन थर. शेवटचं धावदोऱ्याचं काम सुरू झालं आणि इतके महिने नवखा असलेला माझा हात पुन्हा ओळखीच्या वाटेला लागला. चारी कडांनी आत येत ओळीत ओळ. तिथे कोणाला विचारावं लागलं नाही. मायने तीन ओळी घातल्या. त्यांचा टाका माझ्यापेक्षा मोठा आहे, सहज ओळखू येतो. टोपल्यात साठलेल्या दोन ओंजळी चिंध्यांची त्यांनी चुंबळ वळली, आणि आता आमचा पाण्याचा हंडा त्या चुंबळीवर असतो.

यंदाच्या अखाजीला भाची बाळाला घेऊन आली आणि दुपटं घेऊन गेली.

आता शेजारची एक मुलगी माझ्याकडे शिकायला येते. दहावीची परीक्षा देऊन मोकळी आहे. गोधडी शिकवायला घेतली तर मला शब्द सापडत नाहीत. किती ताणायचं, कुठे मुडपायचं, हे माझ्या बोटांना माहीत आहे, तोंडाला नाही. मायनेही मला बोलून शिकवलं नव्हतं, वर्षानुवर्षं शेजारी बसवलं होतं. मिरची मात्र मी तिला सांगू शकते, कारण त्यात आकडे आहेत. तिचा हात अजून थरथरतो, तरी तिची दुसरीच मिरची टोकदार आली. धावदोऱ्याला तिला अजून कितीतरी उन्हाळे लागतील, आणि त्यासाठी तिला माझ्या आणि मायच्या शेजारी बसावंच लागेल.

पहिल्या दिवशी मी तिला मशीनवर बसवलं, दोरा काढला आणि वहीचं पान सुईखाली दिलं. एक इंच चालव आणि भोकं मोज, म्हटलं. तिने पान उजेडाकडे धरलं आणि ओठ हलवत मोजलं.

"मावशी, सतरा."

"बरोबर. आता दोरा ओव."